पाचव्या माळेचा दिवा

बंगळूरला समुद्र नाही. घर घेताना हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल, त्याची गणती नाही. "इथे कसली आलीत वादळं? आपण केवढ्या उंचावर!" असं छाती पुढे काढून बोलायचो. बसवनगुडीतलं जुनं भाड्याचं घर सोडून हेब्बाळच्या पलीकडे हे तळमजल्याचं घर मी घेतलं, तेही सगळ्यांचा विरोध मोडून. पुढे कळलं की आमची अख्खी वसाहत एका बुजवलेल्या तळ्याच्या पोटात उभी आहे. तिकडे चेन्नईच्या बाजूला वादळ उठलं की त्याचं शेपूट आमच्यावरून फिरतं. मग मागचा मोठा नाला, ज्याला इथे सगळे राजकालुवे म्हणतात, तो फुगतो आणि पाणी दारातून यायच्या आधी न्हाणीच्या मोरीतून उलटं घरात येतं.

दोन वर्षांपूर्वी ते असं आलं होतं. आई तेव्हा ब्याऐंशीची. तिला आम्ही पलंगावर बसवलं, पलंग बुडायला लागला तेव्हा जेवणाच्या टेबलावर बसवलं, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत ती तिथे पाय पोटाशी घेऊन सहा तास बसली होती. गुडघ्याएवढ्या घाण पाण्यात तिच्या चपला तरंगत होत्या. ट्रॅक्टरवर चढवताना ती मला म्हणाली, "चांगलं झालं, तुझे अप्पा नाहीत बघायला." तिच्या मनात टोमणा नव्हता, पण मला तो लागला. त्या दिवसापासून आभाळ भरून आलं की मी आधी मोरीत वाकून बघतो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागलो होतो.

गेल्या वर्षी वादळाची बातमी आली ती नेमकी नवरात्रात.

नवरात्रात आमच्या घरात देव घटी बसतात. आमचं घराणं कुणा सरदाराच्या फौजेमागून या मुलखात आलं त्याला साडेतीनशे वर्षं तरी झाली. बोलण्यात निम्मं कन्नड शिरलं, जेवणात सारू आणि हुळी आली, पण घट तसाच राहिला. पहिल्या दिवशी मातीत धान पेरायचं, त्यावर कलश ठेवायचा, देवांचे टाक विड्याच्या पानावर बसवायचे. एकदा बसले की नऊ दिवस देवांना हलवायचं नाही, आंघोळसुद्धा नाही, फुलानं पाणी शिंपडायचं तेवढंच. घटावर रोज एक फुलांची माळ चढते, म्हणून आम्ही दिवसही माळेवर मोजतो. आणि शेजारी नंदादीप. तो नऊ दिवस अखंड तेवत राहिला पाहिजे. घट बसलेलं घर बंद करून जायचं नसतं, आणि दिवा एकटा ठेवायचा नसतो.

हा दिवा आई लग्न होऊन आल्यापासून सांभाळत होती. साठ वर्षांत तो एकदाही गेला नव्हता. तिची दोन बाळंतपणं, अप्पांची आजारपणं, सगळं झालं, पण नवरात्रातला दिवा कधी गेला नाही. तिला कुणी विचारलं की तुम्ही आयुष्यात काय केलंत, तर तिनं बहुतेक हेच सांगितलं असतं. शाळा चौथीपर्यंतची, नोकरी नाही, स्वतःच्या नावावर काही नाही. तिच्याकडे हा दिवा होता. हे मला आज इतकं स्वच्छ दिसतंय. तेव्हा मला फक्त पावसाचे नकाशे दिसत होते.

चौथ्या माळेला नकाशा नारिंगी झाला, पाचव्या माळेला सकाळी लाल. मी कामाला लागलो. खरं सांगायचं तर मला त्यात एक प्रकारचा जोरही चढला होता. यावेळी मी गाफील राहणार नव्हतो. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून दारांशी रचली. फ्रिज आणि कपाट ठोकळ्यांवर चढवलं. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीच्या, म्हणजे इथल्या भाषेत संपच्या, झाकणावर प्लास्टिक ताणून कडेनं चिकणमाती लिंपली. तांदळाचा डबा, डाळी, आईचं अंथरूण माळ्यावर गेलं. संडासाच्या भांड्यात वाळूची पिशवी दाबून बसवली, न्हाणीच्या मोरीला चिंध्यांचा बोळा मारला. बायको म्हणाली, "अहो, अजून आपण या घरात राहतोय. आता आईंनी जायचं कुठे?" मी म्हटलं, "म्हणून तर म्हणतोय, लवकर निघू."

निघायचं होतं अक्काकडे. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. ती बसवनगुडीत तिसऱ्या मजल्यावर राहायची, तो भाग उंचावरचा, तिथे पाणी साचत नाही. तिच्या यजमानांचे सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते. "निघालात की नाही? मी खाली उभा राहतो लिफ्टपाशी," असं दर वेळी. फार साधा, जीव लावणारा माणूस.

सगळं झालं आणि मी देवघराच्या दारात जाऊन म्हटलं, "आई, चल. साडी बदल."

ती दिव्याच्या शेजारी पाटावर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही दोघं जा. मी इथे आहे."

"पाणी येणार आहे आई."

"येऊ दे. देव बसलेत. देव बसलेले असताना मी उठू कशी?"

समोरच्या घरात कन्नड कुटुंब आहे. त्यांच्याकडे नवरात्रात बाहुल्या मांडतात, पायऱ्या पायऱ्यांवर, राजा-राणीपासून किराणा दुकानदारापर्यंत. त्या बाईंनी अर्ध्या तासात सगळ्या बाहुल्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरल्या, वरच्या मजल्यावर चढवल्या आणि तुमकूरला भावाकडे निघाल्याही. जाताना आमच्या दारातून ओरडल्या, "अज्जी, होगी, सुम्ने हट माडबेडी!" उगाच हट्ट करू नका, जा. आई हसून म्हणाली, "सरी अम्मा, सरी." आणि जागची हलली नाही. मला वाटलं, त्यांचे देव किती समजूतदार, खोक्यात बसून निमूट वर जातात. आमचेच असे अडेलतट्टू का?

मग मी सगळे उपाय करून पाहिले. म्हटलं, मी थांबतो, तुम्ही दोघी जा. आई म्हणाली, "जन्मात कधी या दिव्यात तेल घातलंयस? तुला डुलकी लागेल." म्हटलं, पेटता दिवा बादलीत ठेवून गाडीतून नेऊ. "आणि घट? तो काय डिकीत घालशील?" शेवटी पुरोहितांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ते बिचारे म्हणाले की संकटकाळी आपद्धर्म असतो, क्षमाप्रार्थना करावी, देवांची परवानगी घ्यावी आणि जीव वाचवावा. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. फोन बंद झाल्यावर म्हणाली, "त्याला काय जातंय सांगायला!"

मी चिडलो. माझा राग कधीच लांब नसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी ओरडलो की गेल्या वेळी टेबलावर सहा तास कोण बसलं होतं, तुझं काही झालं तर लोक मला काय म्हणतील, मी तुला उचलून गाडीत घालीन.

"घाल," ती म्हणाली. "सिग्नलला उतरून परत येईन." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "उगाच घसा कोरडा करू नको. दिवा आहे तोवर मी हलायची नाही."

ते वाक्य घेऊन मी बाहेर पोत्यांपाशी गेलो.

दुपारचे तीन वाजले असतील. बाहेर आभाळ काळं होतं पण एक थेंब नव्हता. आई न्हाणीत गेली. मोरी तुंबवलेली असल्यानं तिला बादलीत पाय धुवावे लागणार होते, त्याला वेळ लागणार होता. बायको मागच्या दारातल्या कुंड्या आत घेत होती. मी देवघरात गेलो.

दिवा विझवणं हा शब्दसुद्धा आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. दिवा मालवायचा असतो, तोही फुंकून नाही. मी लहानपणी एकदा वाढदिवसाच्या मेणबत्तीवर फुंकर मारली तर आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता. म्हणून मी फुंकर मारली नाही. काय पण माझा धर्म! वात पुढे-मागे करायला दिव्याशेजारी एक पितळी काडी असते. ती घेतली आणि वात तेलात मागे ओढली. ज्योत जरा फडफडली, मोठी झाली, आणि गेली. धुराची एक बारीक रेघ वर गेली. मग मी खिडकीची कडी काढून झडप चार बोटं उघडी केली आणि बाहेर येऊन वाळूच्या पोत्यांपाशी उभा राहिलो. हात थरथरत नव्हते. मला वाटत होतं की मी एका म्हातारीचा जीव वाचवला.

आई आत गेली. मी तिच्या किंकाळीची वाट बघत होतो. रडेल, मला बोलावेल, कपाळ बडवून घेईल, आणि मग मी समजूत घालीन, असं सगळं मी मनात ठरवून ठेवलं होतं. बराच वेळ काहीच आवाज आला नाही, म्हणून मी दारात गेलो. ती उभी होती. दिवा हातात घेऊन डोळ्यांजवळ धरून बघत होती.

"तेल आहे," ती म्हणाली. "वात पण आहे. मागे सरकलीय."

"वारा आला असेल," मी म्हटलं. "खिडकी उघडी राहिली."

तिनं खिडकीकडे पाहिलं. "सकाळी मीच लावली होती. कडी नीट बसली नसेल." मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तिचा उजवा हात गेलं वर्षभर किंचित कापायचा. "आता तेल घालताना वात पण मीच सारली. जास्त मागे गेली असेल."

बायको धावत आली, म्हणाली, "आई, लावू या परत, मी काडेपेटी आणते." आई म्हणाली, "नको." तिनं दिवा जागेवर ठेवला, देवांपुढे डोकं टेकलं, आणि उठून सरळ बाहेर आली. चपला घातल्या आणि गाडीच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. साडी बदलायचीही राहिली. शिक्षा झालेलं मूल वर्गाबाहेर जसं उभं राहतं, तशी ती उभी होती. मला हवं होतं तसं सगळं झालं होतं, आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

हेब्बाळचा उड्डाणपूल गाड्यांनी भरला होता. पाण्याच्या भीतीनं लोकांनी गाड्या पुलावरच लावून ठेवल्या होत्या. बसवनगुडीला पोचायला अडीच तास लागले. एरवी आई वाटेभर दुकानांच्या पाट्या वाचते, इथे आधी काय होतं ते सांगते. त्या दिवशी ती मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत बसली. अक्काचे यजमान खरंच लिफ्टपाशी उभे होते. त्यांनी तिचा हात धरला तेव्हा ती त्यांना एवढंच म्हणाली, "दिवा गेला हो माझ्या हातून."

आम्ही टीव्हीसमोर बसलो. संध्याकाळी भुरभुर आली. वादळ येणार, येणार म्हणत होते. मग बातम्यांचा सूर बदलला. वादळ किनाऱ्याजवळ येऊन रेंगाळलं, वर आंध्राकडे वळलं आणि विरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बसवनगुडीत फिकट ऊन होतं. रस्तेसुद्धा धड भिजले नव्हते. अक्का म्हणाली, "सुंठीवाचून खोकला गेला!" आणि उपीट करायला लागली. मला वादळाचा असा संताप आला, जसा वेळ देऊन न आलेल्या माणसाचा येतो. यायला हवं होतं. घर बुडायला हवं होतं. छातीएवढं पाणी भरलं असतं तर मी केलं ते बरोबर ठरलं असतं.

परतलो तर घर जसंच्या तसं होतं. वाळूची पोती वरवर ओलसर झाली होती. चिकणमाती सुकून तिला भेगा गेल्या होत्या. देवघरात घटाचं धान बोटभर वाढलेलं, पिवळं. आईनं उंबऱ्यातूनच नमस्कार केला आणि बायकोला म्हणाली, "माळ तू घाल. दिवाही तूच लाव. मी शिवत नाही." उरलेल्या माळा बायकोनं घातल्या.

बायकोनं त्याच दिवशी स्वयंपाकघरात, कांदा चिरता चिरता, मला विचारलं नाही, सांगितलं. "वाऱ्यानं वात तेलात बुडत नाही." मी डाळींचा डबा माळ्यावरून खाली काढला. तिनं पुढे कधी तो विषय काढला नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही असं आम्ही दोघांनी न बोलता ठरवलं, आणि त्यानंतर आमच्या घरात बोलणंच कमी झालं.

आईचं जे सुरू झालं ते हळूहळू. आधी तिनं रांगोळी सोडली, म्हणाली रेघ वाकडी जाते. मग पोळ्या लाटणं सोडलं. गॅस बंद केलाय का हे ती तीन-तीनदा बायकोला बघायला लावायची. स्वतःच्या गोळ्या स्वतः घेणारी बाई, ती डबी माझ्यापुढे धरून "तूच दे रे, माझ्या हाताचा भरवसा नाही" म्हणायला लागली. अक्का म्हणाली, वय झालं. डॉक्टरही तेच म्हणाले, वय झालं. मी मान हलवली. आभाळ फाटलं असतं तरी तिचं एवढं गेलं नसतं. टेबलावर सहा तास बसून ती जशी होती तशी उठली होती.

माघात अक्काचे यजमान गेले. सकाळी फिरायला गेले, बाकावर बसले, ते उठले नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा बायका अक्काभोवती बसल्या होत्या. आई कुणाचा आधार न घेता त्यांच्यातून वाट काढत गेली, खाली वाकली आणि स्वतःच्या लेकीचे पाय धरले. "माझ्यामुळे," ती म्हणाली. "माझ्या हातून दिवा गेला, त्याचं हे. मला माफ कर." अक्का रडता रडता थांबली. "आई, काय करतेस, उठ," म्हणत तिनं आईला वर ओढायचा प्रयत्न केला. आई पाय सोडेना. मी चार हातांवर उभा होतो. सगळ्यांसमोर एक वाक्य बोलायचं होतं. तेवढं वाक्य बोलून मी तिथेच मेलो असतो तरी चाललं असतं. मी पुढे होऊन आईला काखेत धरून उठवलं आणि पाणी प्यायला दिलं.

नंतर एकदा मी प्रयत्न केला. दुपारी ती पडली होती, जागी होती. मी म्हटलं, "आई, त्या दिवशी दिवा..." तिनं डोळे मिटून घेतले आणि हात जोडले. मला. "नको काढू रे तो विषय. तुम्ही कुणी मला बोलला नाहीत, एवढंही पुष्कळ आहे." त्यानंतर मी कुठल्या तोंडानं बोलणार होतो? म्हणजे बोलता आलं असतं. तोंड तेच होतं. मीच बोललो नाही.

लोक म्हणतात आईला मुलाचं सगळं कळतं. तिला कळलेलं असावं, ती मला वाचवत असावी, अशी आशा मी काही महिने धरली होती. तेवढाच आधार. पण तसं नाही. ती स्वतःच्या हातांकडे ज्या नजरेनं बघते ती मी रोज पाहतो. तिला माझा संशय कधी शिवलेला नाही.

या वर्षी घट बसले. पुरोहित येऊन गेले, धान पेरलं, कलश मांडला. बायको दिवा लावायला पुढे झाली तर आई म्हणाली, "थांब." भिंतीला धरून ती देवघराच्या दारापर्यंत आली. काडेपेटी तिच्या हातात होती, कुठून आणली कोण जाणे. तिनं ती माझ्यापुढे धरली.

"तू लाव," ती म्हणाली. "आणि नऊ दिवस तूच बघ. मी उगाच तुला नावं ठेवायची, डुलकी लागेल म्हणून. तुझा हात स्थिर आहे."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी पाटावर बसलो. काडी ओढली. वात तेलात भिजलेली होती, लगेच पेटली. मागे आई खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.

"आता मला घोर नाही," ती म्हणाली. "तू आहेस."

मी म्हटलं, "हो."